ग्रेट बॅरियर रीफवर मासेमारीला जाताय? आधी झोन बघा: नियम, पात्रता, कागदपत्रं

ऑस्ट्रेलियातल्या ग्रेट बॅरियर रीफ मरीन पार्कमध्ये हौसेखातर मासे धरायला पार्कचा परवाना लागत नाही. क्वीन्सलँड राज्यातही समुद्रातल्या हौशी मासेमारीला लायसन्स नाही. अर्ज भरायचा नाही म्हणजे बंधनं नाहीत, असा समज त्यामुळे होतो, आणि नेमका तोच महागात पडतो. 3,44,400 चौरस किलोमीटरचा हा पार्क रंगांच्या झोनमध्ये विभागलेला आहे. कुठल्या रंगात काय चालतं, हे माहीत असणं तुमची जबाबदारी.

झोनची हद्द अक्षांश-रेखांशांवर ठरते. पाण्यावर रेघ दिसत नाही. म्हणून किनारा सोडण्याआधीच अधिकृत झोन नकाशा घ्या. तो मोफत मिळतो. झोन दाखवणारं ‘आय ऑन द रीफ’ हे मोफत ॲपही फोनवर ठेवा.

फिकट आणि गडद निळ्या झोनमध्ये हौशी मासेमारी चालते. पिवळ्यात मात्र हात आखडता: माणशी एकच रॉड किंवा हातातला दोर, आणि त्याला एकच गळ. चालत्या बोटीमागे दोर सोडून मासे धरायचे असतील, तर माणशी तीन दोर आणि सगळे मिळून सहा गळ, यापुढे नाही. भाल्याने मासे मारायचे तर फक्त स्नॉर्कल (श्वासाची नळी) लावून.

हिरव्या झोनबद्दल सर्वाधिक गोंधळ असतो. तिथे बोट नेता येते, पोहता येतं, नांगरही टाकता येतो. पण काहीही धरायचं नाही, की शिंपला उचलायचा नाही. निळ्या झोनमध्ये धरलेले मासे घेऊन हिरव्यातून घरी परतायला हरकत नाही. फक्त दोर पाण्याबाहेर आणि गळ बोटीच्या आत हवेत. गुलाबी झोनमध्ये लेखी परवानगीशिवाय पाऊलच टाकायचं नाही.

1 जुलै 2004 पासून जवळपास एक तृतीयांश पार्क असा हिरवा आहे. त्याआधी मासेमारीबंद भाग 5 टक्क्यांहूनही कमी होता. हे कोळ्यांच्या आणि हौशी गळवाल्यांच्या विरोधात आहे, असं मला अजिबात वाटत नाही. याच रीफवरच्या केपेल बेटांजवळ माशांच्या पिल्लांची जनुकीय तपासणी झाली. राखीव, म्हणजे मासेमारीबंद, प्रवाळ तिथल्या एकूण प्रवाळाच्या 28 टक्के. पण परिसरातली सुमारे निम्मी पिल्लं या राखीव भागातल्या माशांची निघाली, आणि त्यांतली बरीच मासेमारी चालते त्या भागात जाऊन वाढली. तुमच्या गळाला लागणारा मासा हिरव्या झोनमध्ये जन्मलेला असू शकतो.

कागदपत्रांचं म्हणाल तर 4.5 किलोवॅटपेक्षा मोठं इंजिन असलेली हौशी बोट चालवायला क्वीन्सलँडचं मरीन लायसन्स लागतं, आणि 3 किलोवॅट किंवा जास्त इंजिनाच्या बोटीची नोंदणी. आकार, संख्या आणि बंदीच्या काळाचे राज्याचे नियम झोनच्या नियमांवर वेगळे लागू होतात. पोटॅटो कॉडसारखे काही मासे तर कुठेच धरता येत नाहीत.

पार्कची परवानगी लागते ती पर्यटकांना पैसे घेऊन नेणाऱ्यांना, संशोधकांना आणि मुरिंग (बोट बांधायची कायमची सोय) बसवणाऱ्यांना. त्यांनी काय करणार, कुठे, कोणत्या बोटीने आणि समुद्रावर त्याचा काय परिणाम होईल, हे अर्जात स्पष्ट मांडावं. मित्रांना पैसे घेऊन गळ टाकायला नेणार असाल, तर तुमचीही गणना यांच्यात होऊ शकते. तेव्हा निघण्यापूर्वी मरीन पार्क प्राधिकरणाकडे विचारून घ्या.