दिवा वीतभर की हातभर?

घटस्थापनेला पेरलेलं धान्य देवघराच्या कोपऱ्यात नऊ दिवसांत कसं वाढतं ते आठवा. लांबसडक, नाजूक, पिवळसर. दसऱ्याला ते तुरे टोपीत खोचताना कुणाला त्यात खोट दिसत नाही, उलट यंदा घट छान आला म्हणून कौतुकच होतं. पण फ्लॅटच्या खिडकीत पेरलेली मेथी तशीच पिवळट, उंच होऊन पाचव्या दिवशी आडवी झाली की आपण मातीला, बियाण्याला आणि शेवटी स्वतःच्या हातगुणाला दोष देतो. कारण दोन्हीकडे एकच आहे, उजेडाची टंचाई. घरात ती दिवा लावून भरून काढायची, तर तो रोपापासून किती अंतरावर हवा, हा इथला प्रश्न.

अंधारात उगवलेल्या रोपाजवळ शिदोरी असते ती बियातल्या साठ्याची. पानं रुंद करून उपयोग नाही, कारण त्यांना काम देणारा उजेडच नाही. म्हणून साठा उंची गाठण्यात खर्च होतो, कुठेतरी वर उजेड सापडेल या हिशेबाने. हरितद्रव्य तयार होण्यातली शेवटाकडची एक पायरी सपुष्प वनस्पतींमध्ये उजेडाशिवाय पूर्ण होत नाही, म्हणून रंग पिवळा.

‘पण आमच्या घरात तर भरपूर उजेड आहे!’ इथे फसवतो तो आपला डोळा. लक्स म्हणजे पडणारा उजेड मोजायचं एकक. भर दुपारचं ऊन म्हणजे सुमारे १,००,००० लक्स. ट्यूबलाइट लावलेल्या खोलीत टेबलावर मिळतात २०० ते ३००. फरक तीनशे-पाचशे पटींचा, पण बाहुली रुंदावते, डोळ्याचा पडदा जुळवून घेतो आणि आपल्याला दोन्हीकडे पेपर वाचता येतो. पानाला अशी सोय नाही. तिथे प्रकाशाचे कण मोजूनच हिशेब होतो.

शिवाय लक्स हे माप माणसाच्या डोळ्यासाठी बेतलेलं आहे. हिरव्या-पिवळ्या प्रकाशाला ते जास्त गुण देतं, तांबड्या-निळ्याला कमी. झाडांसाठी ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचे कण मोजतात आणि ते दर चौरस मीटरवर, दर सेकंदाला किती मायक्रोमोल पडले ते सांगतात (मोल हे कण मोजायचं एकक, मायक्रोमोल त्याचा दहा लाखावा भाग). दुपारचं ऊन सुमारे २,००० भरतं. पांढऱ्या एलईडीसाठी एक सोपा तोडगा आहे. मोबाइलवरच्या लक्समीटरचा आकडा ७० ने भागायचा, अंदाजापुरता तो पुरतो. तांबडे-निळे एलईडी मिसळलेल्या जांभळ्या दिव्यांना हा भागाकार लावू नका, उत्तर साफ चुकेल.

आता अंतराची गोष्ट. एकच बल्ब असेल तर अंतर दुप्पट केल्यावर उजेड चौथा हिस्सा उरतो. लांब ट्यूबलाइट जवळ असेल तर तो निम्म्यावर येतो, कारण बल्बचा उजेड लांबी-रुंदी दोन्हीकडे पसरत जातो, नळीचा मुख्यतः तिच्या दोन्ही बाजूंना, रुंदीतच. रुंद पॅनेलखाली, जवळच्या अंतरात, घट याहून मंद असते. २० वॅटची, सुमारे २,००० ल्यूमेनची (म्हणजे दिव्यातून निघणारा एकूण उजेड) चार फुटी एलईडी ट्यूब घेऊन मी हिशेब मांडला. छताला असताना खाली जेमतेम १०० लक्स. रोपाच्या शेंड्यापासून फूटभर वर आणली की अडीच हजार, अर्ध्या फुटावर पाच हजारांच्या घरात. ट्यूब तीच, विजेचं बिलही तेच. महागडा दिवा शोधण्याआधी स्टूल शोधावं, असं माझं मत त्यामुळेच झालं. (आणि खोक्यावरच्या वॅटवर जाऊ नका. माझ्या एका दिव्याच्या खोक्यावर १००० छापलं होतं, विजेच्या मीटरवर भरले ९८.)

तीव्रतेला तासांनी गुणलं की झाडाची दिवसभराची कमाई कळते. पाच हजार लक्स म्हणजे सुमारे ७० मायक्रोमोल. रोज १६ तास दिले तर दिवसाला ४ मोल. मनी प्लांट एवढ्यावर खूश. मेथी-कोथिंबिरीला १० तरी हवेत, म्हणजे तीन नळ्या खेटून लावाव्या लागतील. मिरची-टोमॅटोची फळं हवी असतील तर २० च्या पुढे जावं लागतं. त्यांना सरळ गच्चीवर न्या, स्वच्छ उन्हाच्या दिवशी तिथे ४० च्या वर फुकट मिळतात.

दिव्याला मंद करायचं बटण असेल तर खाली आणून मंद करावा की वर टांगून पूर्ण पेटवावा? एकच कुंडी असेल तर खाली आणून मंद करणं स्वस्त पडतं. रुंद ट्रेवर मात्र छोटा दिवा फार जवळ आला की मधली रोपं भाजतात आणि कडेची उपाशी राहतात, तिथे वर टांगलेलाच बरा. कडेला पांढरा थर्मोकोल उभा केला तर सांडणारा उजेड परत येतो.

अंतर नेहमी शेंड्यापासून मोजायचं, कुंडीच्या काठापासून नव्हे. दोन पानांमधली दांडी लांबत चालली, रोप दिव्याकडे कललं, की दिवा खाली. वरचीच पानं फिकी पडली, कडा वळल्या आणि खालची मात्र ठीक आहेत, तर दिवा वर. खालची पानं पिवळी पडत असतील तर आधी पाणी आणि खत तपासा, दिव्याचा दोष तिथे क्वचितच असतो. आणि घाई नको. सावलीत वाढलेलं पान पातळ असतं, एका दिवसात दुप्पट उजेड दिला तर करपू शकतं. दर दोन-तीन दिवसांनी दोन बोटं, एवढ्या बेताने दिवा खाली घ्यावा. साखळी-हुक नसेल तर दिवा हलवूच नका. कुंडीखाली जुन्या दिवाळी अंकांची चळत ठेवा आणि रोप वाढेल तसा एकेक काढून घ्या.

रात्री दिवा बंद हवाच, त्यासाठी टायमर लावलेला बरा. त्याच मांडणीवर शेवंती ठेवायचा मोह मात्र आवरा. ती रात्र मोठी झाली की कळ्या धरते. १६ तासांच्या उजेडात पानं झकास येतील, पण डिसेंबर उलटला तरी फूल काही दिसायचं नाही.