प्रश्न कोणीच विचारला नाही

३ नोव्हेंबर १९०६. जर्मनीत ट्युबिंगेनला मनोविकारतज्ज्ञांची बैठक भरली होती. अलोइस अल्झायमर यांनी तिथे ऑगस्ट डेटर या महिलेची हकिकत मांडली. पन्नाशीच्या आसपास तिची स्मृती ढासळली होती आणि मृत्यूनंतर तिच्या मेंदूत विचित्र तंतू आणि साठे आढळले होते. भाषण संपलं. श्रोत्यांपैकी एकानेही प्रश्न विचारला नाही. पुढे १९१० मध्ये एमिल क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात या आजाराला अल्झायमर यांचं नाव दिलं, तेव्हा कुठे तो विषय पुस्तकात शिरला.

संशोधन परिषदेत भाषणाइतकंच त्यानंतर कोण काय विचारतो याला महत्त्व असतं. परिषदा वाढत गेल्या तशी नेमकी त्याचीच चणचण भासू लागली. अमेरिकेतल्या ‘सोसायटी फॉर न्यूरोसायन्स’च्या १९७१ मधल्या पहिल्या वार्षिक परिषदेला १,३९६ जण आले होते, पुढे हा आकडा तीस हजारांच्या घरात गेला. एवढ्या गर्दीत प्रत्येकाला व्यासपीठ कुठून मिळणार? पीएच.डी. करणाऱ्यांच्या आणि पोस्टडॉकच्या (पीएच.डी.नंतर संशोधन करणाऱ्यांच्या) वाट्याला बहुधा पोस्टर, म्हणजे आपलं संशोधन मांडणारा मोठा कागद, येतं. त्यापाशी ताटकळत उभं राहायचं. नशीब असेल तर ज्यांचे शोधनिबंध वाचून आपण शिकलो तेच समोर येऊन थांबतात.

२०२० मध्ये कोविडमुळे हे सगळं एकदम थांबलं. व्हिएन्नात भरणारी अल्झायमर-पार्किन्सन परिषद एप्रिलमध्ये, ग्लासगोची युरोपीय मेंदूविज्ञान परिषद आणि ॲमस्टरडॅमची अल्झायमर असोसिएशनची आंतरराष्ट्रीय परिषद जुलैमध्ये, अशा तिन्ही ऑनलाइन, पडद्यावर गेल्या. ‘सोसायटी फॉर न्यूरोसायन्स’ने तर त्या वर्षीची परिषद रद्दच केली आणि जानेवारी २०२१ मध्ये आभासी कार्यक्रम घेतला.

अल्झायमर असोसिएशनने त्या वर्षी नोंदणी मोफत ठेवली आणि तीस हजारांहून अधिक जणांनी नावं नोंदवली. विमान, व्हिसा, हॉटेल यांसाठी पैसे नसलेल्या तरुण संशोधकाला पहिल्यांदाच पहिल्या रांगेतली जागा मिळाली. पी-टाऊ-२१७ या प्रथिनावरच्या रक्तचाचणीचे निष्कर्ष तिथेच मांडले गेले. हे प्रथिन मोजून अल्झायमर आणि मेंदू झिजवणारे इतर आजार यांत फरक करता येतो, हे १,४०२ जणांच्या अभ्यासातून दिसलं होतं. कोलंबियातल्या आनुवंशिक अल्झायमर असलेल्या कुटुंबांत तर रक्तातला हा बदल लक्षणांच्या सुमारे वीस वर्षं आधीच दिसत होता. याच प्रथिनावर आधारलेल्या रक्तचाचणीला अमेरिकेच्या औषध नियामकाने मे २०२५ मध्ये मान्यता दिली.

पण ध्वनिचित्रमुद्रित भाषणांचा ढीग एवढा की सगळी ऐकणं एकट्याच्या आवाक्याबाहेरचं. म्हणून तिघाचौघांनी सत्रं वाटून घ्यायची आणि नंतर ऑनलाइन जमून ‘मला काय भावलं’ ते सांगायचं, ही पद्धत नवोदितांना सोयीची ठरली. तिच्यात एकांगीपणा येतोच: टाऊ प्रथिनावर काम करणाऱ्याला टाऊच दिसतं, रक्तवाहिन्यांवर काम करणाऱ्याला रक्तवाहिन्याच. मला तो दोष वाटत नाही. अधिकृत बातमीपत्रकात यशस्वी निष्कर्षच ठळक छापले जातात. फसलेल्या प्रयोगाबद्दल ‘हे आमच्याकडेही जमलं नाही’ असं मोकळेपणाने बोललं जातं ते अशाच गप्पांत.

पोस्टरचे मात्र हाल झाले. त्याची पीडीएफ झाली आणि ठरलेल्या वेळेला खिडकी उघडून कोणी येतंय का, हे बघत बसणं नशिबी आलं. कित्येकदा तिथेही कोणी काही विचारलं नाही.