मान्यता कायम, वर्ग तात्पुरते

आयर्लंडमधल्या एखाद्या गेलस्कॉलच्या, म्हणजे गेलटाख्ट या आयरिश बोलणाऱ्या प्रदेशाबाहेरच्या आयरिश माध्यमाच्या शाळेच्या, नव्या इमारतीचा मुहूर्त पुन्हा लांबला की बोलणं पैशांवर येतं. पैसा हे कारण आहेच, पण मूळ गाठ जमिनीची आहे आणि ती फार जुनी आहे.

1831 पासूनच्या राष्ट्रीय शाळांना सरकार पैसे देई, पण जागा शाळा चालवणाऱ्या संस्थेनं आणायची, अशी रीत पडली. ती संस्था बहुतेक ठिकाणी चर्चची, आणि चर्चची गावात जमीन असायचीच. 1970च्या दशकात पालकांनी स्वतःहून आयरिश माध्यमाच्या शाळा काढायला सुरुवात केली, तेव्हा गेलटाख्टबाहेर अशा प्राथमिक शाळा जेमतेम डझनभर उरल्या होत्या. या पालकांकडे मुलं होती, जिद्द होती, जमीन नव्हती. मग वर्ग भरले गेलिक खेळांच्या क्लबात, चर्चच्या सभागृहात, स्काउटांच्या हॉलमध्ये. शुक्रवारी दुपारी भिंतीवरचे तक्ते उतरवायचे, टेबलं कडेला रचायची, कारण शनिवारी हॉल दुसऱ्या कुणाचा. सोमवारी सकाळी पुन्हा सगळी मांडामांड. सीमेपलीकडे, उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टमध्ये तर 1971 साली शॉज रोडवर नऊ मुलांची शाळा सुरू झाली आणि सरकारी अनुदान मिळायला 1984 उजाडलं.

सगळ्यात जास्त घोळ 'कायम' या शब्दानं घातला. नव्या शाळेला आधी तात्पुरती मान्यता मिळे. शिक्षकांचे पगार सुरू होत, थोडंफार अनुदान येई. पट टिकतोय अशी खात्री पटली की काही वर्षांनी कायम मान्यता. गावात त्या दिवशी पेढे वाटावेत असा आनंद होई आणि लोक धरून चालत की आता इमारत आली. पण कायम झालेली असे फक्त मान्यता. तिच्यामुळे इमारतीच्या रांगेत उभं राहता येई, एवढंच. त्यात रांगेतला नंबर ठरवताना पटसंख्या पाहिली जाई, आणि पत्र्यावर पाऊस वाजू लागला की बाईंचा आवाज मागच्या बाकावर पोचत नाही अशा प्रीफॅब, म्हणजे तयार भाग जोडून उभारलेल्या तात्पुरत्या, खोलीत मूल घालायला नवे पालक कचरत. इमारत नाही म्हणून पट वाढत नाही, पट वाढत नाही म्हणून इमारत नाही. यात पालकांची चूक काय होती, हे मला आजवर उमगलेलं नाही.

1999 साली सरकारनं नव्या शाळांच्या जागेचा खर्च स्वतःकडे घेतला. जागा सरकारच्या मालकीची राहणार होती. गेलस्कॉलसाठी हा निर्णय मोलाचा होता, कारण जागेसाठी वर्गणी गोळा करत फिरण्याचं ओझं उतरलं. मात्र तो आला तेव्हा जमिनीचे भाव चढू लागले होते. डब्लिनच्या आसपास शेताचे तुकडे घरबांधणीच्या दरानं विकले जात होते, आणि शिक्षण खात्याला त्याच बाजारात उतरावं लागलं. खरेदी रेंगाळली, प्रीफॅब मात्र भाड्यानं येत राहिले. 2008च्या सुमारास त्या भाड्यापोटी वर्षाला काही कोटी युरो जात होते. मग मंदी आली आणि रांग जवळपास थबकली.

2012 साली पाच वर्षांचा बांधकाम कार्यक्रम जाहीर झाला, जागा मिळवण्यात स्थानिक परिषदांनी मदत करायची असंही ठरलं. तेव्हापासून 'यादीत नाव आलं' हा नवा फसवा शब्दप्रयोग रूढ झाला. यादीत आल्यावर प्राथमिक आराखडा, मग सविस्तर आराखडा, बांधकाम परवानगी, निविदा आणि शेवटी प्रत्यक्ष काम, असे टप्पे असतात. परवानगीवर शेजाऱ्यांनी वाहतुकीचं कारण देऊन अपील केलं की आणखी महिने जातात. तोवर पहिलीला आलेली मुलं माध्यमिक शाळेत पोचलेली असतात.

काम सुरू झालं तरी घोर संपत नाही. विकलो परगण्यातल्या ब्रे शहरात आयरिश माध्यमाच्या माध्यमिक शाळेची इमारत सरकारी-खासगी भागीदारीत जवळजवळ बांधून झाली होती. जानेवारी 2018 मध्ये त्या कंत्राटातली ब्रिटिश कंपनी बुडाली, काही महिन्यांत मुख्य आयरिश बांधकाम कंपनीही. खाली राबलेल्या छोट्या ठेकेदारांचे पैसे अडकले. शहरात नवी शाळा डोळ्यांसमोर उभी होती आणि मुलं रोज जुन्याच जागेत जात होती.