लिक्विड टेम्प्लेटमधील याद्या : छाटणी आणि मांडणी

जेकिल या २००८ सालच्या स्टॅटिक साइट जनरेटरमध्ये (संकेतस्थळाची पाने आधीच बनवून ठेवणाऱ्या साधनात) पानांचे साचे लिक्विड भाषेत लिहितात. याद्या साइट बिल्ड होतानाच, म्हणजे पाने तयार होतानाच, छाटल्या जातात, ब्राउझरकडे तयार एचटीएमएल जाते. म्हणून ‘आजपासून पुढचे कार्यक्रम’ ही यादी पुढच्या बिल्डपर्यंत शिळीच राहते.

छाटणीचे मुख्य साधन म्हणजे फॉर लूपमधले (यादीतला एकेक घटक घेणाऱ्या आवर्तनातले) लिमिट (किती घ्यायचे) आणि ऑफसेट (सुरुवातीचे किती सोडायचे). जेकिलची पोस्टची यादी नव्याकडून जुन्याकडे जाते. ऑफसेट १ व लिमिट ५ दिले की सर्वांत नवी पोस्ट वगळून पुढच्या पाच मिळतात. स्लाइस या तुकडा कापणाऱ्या फिल्टरला (फिल्टर म्हणजे दिलेले मूल्य बदलून देणारी क्रिया) सुरुवातीचा क्रमांक (शून्यापासून) आणि संख्या लागते. उणे ३ व ३ दिल्यास शेवटचे तीन घटक येतात.

नेहमीची चूक क्रमाची. लिमिट ५ ठेवून वर्गवारीची अट लूपच्या आत इफमध्ये घातली, तर आधी पाच पोस्ट उचलल्या जातात आणि मग गाळल्या जातात. पानावर दोनच उरतात, कधी एकही नाही. अशा वेळी लूपचा एल्सही (यादी रिकामी असताना दाखवायचा मजकूर) चालत नाही, कारण लूपच्या लेखी यादी रिकामी नव्हतीच. फॉर टॅगमध्ये फिल्टर लावता येत नाही, म्हणून आधी असाइन या नाव देणाऱ्या टॅगने व्हेअर हा अटीप्रमाणे निवडणारा फिल्टर लावून गाळलेली यादी नव्या नावाने ठेवावी आणि लिमिट तिच्यावर लावावे. क्रम उलटवणाऱ्या रिव्हर्स्डचेही तसेच: लिमिट ३ सोबत ते लिहिले, तर पहिले तीनच उलट्या क्रमाने येतात, शेवटचे तीन नव्हे.

दुसऱ्या साधनात जाताना स्लाइसवर विसंबू नये. ह्यूगो या दुसऱ्या जनरेटरमध्ये स्लाइस नवी यादी बनवते. छाटायला फर्स्ट, लास्ट, आफ्टर आहेत. नन्जक्स या दुसऱ्या टेम्प्लेट भाषेत स्लाइस ३ म्हणजे यादीचे तीन गट.

नावे एका ओळीत हवी असतील तर जॉइन हा घटक जोडणारा फिल्टर पुरतो. जेकिलच्या वाक्य बनवणाऱ्या फिल्टरला ‘आणि’ देता येते, पण तीन नावांना तो ‘पुणे, सातारा, आणि कराड’ असे छापतो. मराठीत तो दुसरा स्वल्पविराम खटकतो. तो टाळायचा तर लूपमध्ये फॉरलूप.लास्ट (हा शेवटचा घटक आहे का) तपासून जोडशब्द हाताने घालावा. शब्दावर स्लाइस चालवताना स्वरचिन्ह (काना, मात्रा, उकार) वेगळे मोजले जाते: ‘पुणे’चे पहिले अक्षर मागितले तर नुसता ‘प’ येतो. आद्याक्षरांची सूची अशाने बिघडते. आद्याक्षर फ्रंट मॅटरमध्येच (फाइलच्या सुरुवातीच्या माहितीत) लिहून ठेवलेले बरे.