सेट (इंग्रजी क्रियापद)

सेट : इंग्रजी भाषेतील एक छोटे, पण अर्थांनी गच्च भरलेले क्रियापद. वर्तमानकाळ, भूतकाळ आणि भूतकाळी धातुसाधित या तिन्हींत त्याचे रूप बदलत नाही. १९८९ साली निघालेल्या ऑक्सफर्ड इंग्रजी शब्दकोशाच्या दुसऱ्या आवृत्तीत सर्वांत लांब नोंद याच क्रियापदाची होती; तीत सुमारे ४३० अर्थ आणि ६०,००० शब्द होते. तिसऱ्या आवृत्तीचे काम सुरू झाल्यावर ‘रन’ने ६४५ अर्थांनिशी त्याला मागे टाकले.

महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून शिकवतात. त्याआधी ते पाचवीत सुरू होई. तरी विदर्भाच्या खेड्यात ‘सेट’ कानावर पडतो तो शाळेपेक्षा बागेत नि बांधकामावर जास्त.

व्युत्पत्ती : हे क्रियापद ‘सिट’ म्हणजे बसणे याचे प्रयोजक रूप आहे. बसणे–बसवणे ही जी जोडी मराठीत आहे तीच जुन्या इंग्रजीत होती, आणि सेट म्हणजे मुळात ‘बसवणे’. एवढे एक सूत्र हाती असले की शब्दकोशातली लांबलचक यादी बरीच आटोपते. मुलांकडून पंचवीस अर्थ पाठ करून घेण्यापेक्षा ते केव्हाही बरे. या इंग्रजी धातूचे मूळ आणि संस्कृत ‘सद्’ धातूचे मूळ एकच. म्हणजे सदन, परिषद, संसद, सभासद ही सेटची दूरची भावकी. आपले ‘बसणे’ मात्र त्या घरातले नाही. ते ‘उपविश्’वरून, जुन्या मराठीतल्या ‘बैसणे’मार्गे आले.

बसवण्याचे अर्थ : इंग्रजीत खुडूक कोंबडी अंड्यांवर ‘सेट’ करतात, आपण बसवतो. निखळलेले हाड, अंगठीतला खडा, यांनाही दोन्हीकडे हेच क्रियापद चालते. सापळा, गजर आणि आग यांच्यापाशी मराठी ‘लावणे’कडे वळते. तारीख आणि भाव ठरवावे लागतात, ताटे मांडावी लागतात. पेपर ‘सेट’ करणारा तो काढतो. दुकानाच्या बाबतीत तर गंमत होते. इंग्रजीत ते ‘सेट अप’ होते. वऱ्हाडात दुकान टाकतात, आणि ‘दुकान बसलं’ म्हटले तर ते बुडाले असे समजायचे.

लागण्याचे अर्थ : कर्माशिवाय आलेला सेट म्हणजे ‘जागी धरणे, घट्ट होणे’. विरजलेले दही लागते तो सेट. पाऊस ‘सेट इन’ होतो, त्याला वऱ्हाडीत नेमका शब्द आहे : झड लागणे. दोन-चार दिवस आभाळ उघडत नाही, कपडे वाळत नाहीत, वावरात पाय ठेवता येत नाही. ‘पावसाला सुरुवात झाली’ या पुस्तकी भाषांतरात यातले काहीच उतरत नाही. सूर्याचा सेट मात्र वेगळा. ‘दिवस बुडाला’ असे म्हणणाऱ्याला बसणेही उपयोगी पडत नाही, लागणेही नाही.

अमरावती जिल्ह्यातल्या वरुड-मोर्शी पट्ट्यात ‘जागी धरणे’ हा अर्थ मराठीतच रुजला आहे. संत्र्याच्या झाडाला पाण्याचा ताण देऊन मग ओलित केले की जानेवारी-फेब्रुवारीत आंबिया बहार फुलतो. पाकळ्या झडल्यावर बागायतदार फांदी वाकवून जवळून पाहतो. देठाशी ज्वारीच्या दाण्याएवढी हिरवी गोळी दिसते. तिला तो बोटाने हलकी टिचकी देतो. गोळी हलली नाही, तर म्हणतो, “सेटिंग चांगली हाय औंदा.” कृषी पुस्तिकांतला ‘फळधारणा’ हा शब्द त्याला कळतो, पण तोंडी येत नाही. पुढे उन्हाळ्यात गळ लागली तर हीच सेटिंग व्यर्थ जाते, म्हणून व्यापाऱ्याशी सौदा करताना तो नुसत्या फुलांचे कौतुक ऐकून घेत नाही.

सिमेंटचेही तसेच. भारतीय मानकानुसार साध्या पोर्टलँड सिमेंटची घट्ट होण्याची सुरुवात ३० मिनिटांच्या आत होता कामा नये आणि ती प्रक्रिया ६०० मिनिटांच्या आत पुरी व्हावी. ते फार लवकर धरू नये म्हणून दळतानाच जिप्सम घालतात. मिस्त्री ‘माल धरला’ म्हणतो, त्याच्या हाताखालचा तरुण ‘सेट झाला’ म्हणतो. स्लॅबखालच्या ‘सेंट्रिंग’चा मात्र याच्याशी संबंध नाही, तो शब्द ‘सेंटर’वरून आला.

घोटाळ्याची जागा : मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाच्या इंग्रजी निकालांत ‘क्वॅश्ड अँड सेट असाइड’ हे शब्द वारंवार येतात. खालचा आदेश रद्द केला, एवढाच त्यांचा अर्थ. पण बाजूला काढून ठेवलेल्या पैशालाही इंग्रजीत ‘सेट असाइड’च म्हणतात. त्यामुळे जमिनीच्या वादातला माणूस निकालाचा कागद हातात धरून सांगतो, “आदेश बाजूले ठेवला जी साहेबानं, पुढच्या तारखेले काढन.” तो जिंकलेला असतो नि त्याला ते ठाऊक नसते. वकिलाने मराठीतून एक ओळ सांगितली असती तर पुढच्या तारखेच्या एसटीचे भाडे वाचले असते.

देशी अर्थ : ‘त्यायनं सेटिंग लावली’ म्हणजे आतून गुपचूप जमवाजमव केली, हा अर्थ इकडचा आहे, ऐकणारा इंग्रज गोंधळेल. ‘पोरगा सेट झाला’ यात नोकरी लागली, लग्न झाले, दोन्ही येते. हा बहुधा ‘सेटल’चा तुकडा असावा, आणि सेटलही त्याच ‘सिट’च्या कुळातला आहे.

पंपसेट, चहाचा सेट, गणितातला संच, यांतले नाम मात्र मुळात वेगळे. ते जुन्या फ्रेंचमार्गे लॅटिनमधल्या ‘सेक्टा’ म्हणजे अनुयायी, पंथ या शब्दावरून आले आणि उच्चार जुळल्यामुळे क्रियापदात मिसळले. विहिरीवरच्या पंपसेटचा त्यामुळे बसवण्याशी तेवढाच संबंध, जेवढा तो बसवायला मिस्त्री लागतो.