ब्रिटनमधल्या खासगी पार्किंगच्या नोटिसा: जॅमरपासून कोर्टापर्यंतचा प्रवास

सुपरमार्केटमधली खरेदी विसरायला झालेली असते, आणि आठवड्या-दहा दिवसांनी पत्र येतं. गाडी आत शिरतानाचा एक फोटो, बाहेर पडतानाचा एक, वर ठळक अक्षरांत ‘पार्किंग चार्ज नोटीस’, रक्कम १०० पौंड, १४ दिवसांत भरल्यास ६०. हॅरो, स्लाव किंवा मिल्टन कीन्सला नव्याने राहायला आलेलं मराठी कुटुंब हे पत्र ओळखीच्यांना दाखवतं आणि तीन सल्ले हमखास मिळतात. एक, ‘फेकून द्या, काही होत नाही.’ दोन, ‘लगेच भरा, नाहीतर व्हिसा अडकेल.’ तीन, ‘तुमचं नुकसान किती झालं ते सांगा म्हणावं, गप्प बसतील.’ यातला पहिला सल्ला इंग्लंडमध्ये २०१२ पर्यंत बऱ्याच अंशी बरोबर होता. तिसरा २०१५ पर्यंत चालायचा. दुसरा कधीच बरोबर नव्हता, कारण ही नोटीस म्हणजे गुन्ह्याचा दंड नाही. कुठला सल्ला कधी कालबाह्य झाला हे कळायचं तर या नोटिशीचा इतिहास पाहावा लागतो.

आधी एक घोळ दूर करू. काउन्सिलची ‘पेनल्टी चार्ज नोटीस’ आणि खासगी कंपनीची ‘पार्किंग चार्ज नोटीस’, दोन्हींचं लघुरूप पीसीएनच. काउन्सिलची नोटीस कायद्याने लावलेला दंड असते. ती दुर्लक्षिली तर नेहमीची कोर्टातली सुनावणी न होताच वसुली अधिकारी दारात येऊ शकतात. खासगी नोटीस हे कराराच्या नावाने पाठवलेलं बिल असतं, आणि ते वसूल करायला कंपनीला दिवाणी दावा लावावा लागतो. म्हणून पाठवणाऱ्याचं नाव पहिल्यांदा वाचा. खाली जे लिहिलं आहे ते फक्त खासगी नोटिशीला लागू आहे.

जॅमरचा काळ

पुण्या-मुंबईत चाकाला जॅमर लावतात ते वाहतूक पोलीस. इंग्लंडमध्ये मात्र कितीतरी वर्षं खासगी जागेवर कुणीही जॅमर लावून सुटकेचे पैसे मागू शकत होता. स्कॉटलंडने हे १९९२ मध्येच थांबवलं. गाडी अडकवून पैसे मागणं ही खंडणी आहे आणि चोरीही, असं तिथल्या सर्वोच्च फौजदारी न्यायालयाने ठरवलं. इंग्लंडच्या अपील न्यायालयाने १९९० च्या दशकाच्या मध्यात वेगळी वाट धरली: पाटी वाचून कुणी गाडी लावली तर त्याने जॅमरला संमती दिली असं समजायचं, फक्त रक्कम वाजवी हवी आणि पैसे दिल्यावर गाडी लगेच सुटायला हवी. पुढे २००० सालच्या वॉल्थम फॉरेस्ट खटल्यात एका बाईंना रुग्णालयातून परतताना मळमळू लागलं म्हणून त्यांनी गाडी बाजूला घेतली होती. पाटी दुसऱ्या गाडीआड झाकलेली होती. ती दिसलीच नाही तर संमती कसली, असं म्हणून न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. ‘पाटी दिसत होती का?’ हा प्रश्न तेव्हापासून या विषयाच्या केंद्रस्थानी आहे, तो आजही तिथेच आहे.

२००५ पासून जॅमरवाल्यांना परवाना घ्यावा लागू लागला, तरी तक्रारी थांबल्या नाहीत. शेवटी ‘प्रोटेक्शन ऑफ फ्रीडम्स अ‍ॅक्ट २०१२’ आला आणि १ ऑक्टोबर २०१२ पासून इंग्लंड व वेल्समध्ये खासगी जागेवरचे जॅमर आणि टोइंग बंद झाले.

२०१२ चा सौदा

त्याच कायद्याच्या चौथ्या परिशिष्टात कंपन्यांना बदल्यात काहीतरी मिळालं. त्याआधी त्यांची अडचण अशी होती की करार होतो चालकाशी, आणि नोंदणी कार्यालयाकडून म्हणजे डीव्हीएलएकडून नाव मिळतं ते गाडीच्या नोंदणीकृत धारकाचं. गाडी कुणी चालवली हे खासगी कंपनीला सांगायचं कायदेशीर बंधन धारकावर नाही (पोलिसांनी विचारलं तर असतं). म्हणून ‘फेकून द्या’ हा सल्ला चालत होता. परिशिष्टाने ठरवलं की चालकाचं नाव कळलं नाही तर पैसे धारकाकडून मागता येतील. मात्र कंपनीने तारखा आणि मजकूर काटेकोर पाळलेला असला तरच. नोटिशीविरुद्धची सगळ्यात भक्कम हरकत आजही इथेच मिळते.

फक्त कॅमेऱ्याने टिपलेल्या गाडीच्या बाबतीत धारकाच्या नावाची नोटीस, पार्किंग संपल्याच्या दुसऱ्या दिवसापासून मोजून १४ दिवसांच्या आत त्याच्या हाती पडायला हवी. टपालात टाकल्यानंतरच्या दुसऱ्या कामाच्या दिवशी ती पोचली असं धरतात. समजा सोमवारी १ तारखेला गाडी लावली. शेवटचा दिवस म्हणजे सोमवार १५ तारीख. तोवर नोटीस पोचायची तर ती उशिरात उशिरा गुरुवारी ११ तारखेला टपालात पडायला हवी. शुक्रवारी पडली तर मंगळवार उजाडतो आणि मुदत हुकते. नोटिशीवर छापलेली तारीख आणि टपालात पडल्याची तारीख नेहमी एकच नसते, म्हणून पाकीटही जपून ठेवा. काचेवर आधीच नोटीस चिकटवली असेल तर हिशेब वेगळा: धारकाला पत्र त्यानंतर २८ दिवस उलटल्यावर, पण ५६ दिवसांच्या आत यायला हवं.

तारीख हुकली म्हणून चालकाची जबाबदारी संपत नाही, धारकाची संपते. इथेच बहुतेक लोक चूक करतात. अपिलात भाबडेपणाने ‘मी मुलाला घेऊन आत गेलो होतो, म्हणून उशीर झाला’ असं लिहितात आणि आपणच चालक होतो हे कंपनीला कळवून टाकतात. पत्र धारक म्हणून लिहा, ‘वाहनचालक’ हा शब्द वापरा. खोटं काही लिहू नका. चालक कोण होता हे न सांगणं आणि खोटं नाव देणं यांत फार अंतर आहे.

लीजवरच्या गाडीची नोटीस आधी लीज कंपनीकडे जाते. तिने तुमचं नाव कळवल्यावर पार्किंग कंपनीने तुम्हाला नवी नोटीस पाठवताना भाडेकराराची आणि जबाबदारी स्वीकारल्याच्या कागदाची प्रत सोबत जोडायला हवी. हे कागद पुष्कळदा जोडलेले नसतात. नसले तर चौथ्या परिशिष्टाखाली तुमच्यावर जबाबदारी येत नाही.

हे परिशिष्ट स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडला लागू नाही. स्वतंत्र नियमावलीखालच्या जागा, म्हणजे रेल्वे स्थानकं आणि बरेचसे विमानतळ, त्यातून वगळलेले आहेत. पाहुण्यांना हीथ्रोवर सोडायला जाणाऱ्यांना हे उपयोगी पडेल. तिथे टर्मिनलसमोर उतरवण्याचं शुल्क नोव्हेंबर २०२१ पासून सुरू झालं. फाटक नाही, नाणी टाकायची पेटी नाही, दुसऱ्या दिवशीच्या मध्यरात्रीपर्यंत ऑनलाइन भरायचं असतं. निरोपाच्या गडबडीत ते राहून जातं आणि नोटीस येते.

अडीच पौंडांत नाव-पत्ता

डीव्हीएलए एका नोंदीमागे कंपनीकडून अडीच पौंड घेते. २००२ च्या नियमांतली ‘वाजवी कारण’ ही अट पुरी करायला कंपनी मान्यताप्राप्त संघटनेची सभासद असावी लागते. संघटना दोन: जुनी ब्रिटिश पार्किंग असोसिएशन आणि नंतर आलेली इंटरनॅशनल पार्किंग कम्युनिटी. २०१२ नंतर कॅमेरे स्वस्त झाले, चौकीदाराची गरज संपली, आणि २०२३-२४ पर्यंत नोंदींची मागणी वर्षाला सव्वा कोटीच्या वर गेली.

कॅमेरा फक्त आत आल्याची आणि बाहेर गेल्याची वेळ टिपतो. सकाळी दूध घेऊन गेलेली गाडी संध्याकाळी परत आली, आणि मधलं जाणं-येणं दुसऱ्या गाडीच्या आडोशाने टिपलं गेलं नाही, तर दिवसभराचा एकच मुक्काम दिसतो. हा दोष सगळ्यांना माहीत आहे, तरी अशा नोटिसा सुटत राहतात. मधल्या वेळेत गाडी दुसरीकडे होती याचा पुरावा, म्हणजे फोनवरची ठिकाणांची नोंद किंवा दुसऱ्या दुकानाची पावती, लगेच पाठवा.

अपिलाची पहिली पायरी कंपनीकडे, २८ दिवसांत. त्याआधी दुकानाच्या व्यवस्थापकाला पावती दाखवून पाहा. जागेचा मालक सांगेल तर कंपनी नोटीस रद्द करते, आणि हाच उपाय सगळ्यात लवकर लागू पडतो. कंपनीने नकार दिला की असोसिएशनच्या सभासदाविरुद्ध पॉपला या स्वतंत्र मंचाकडे जाता येतं. हा मंचही १ ऑक्टोबर २०१२ चाच. दुसऱ्या संघटनेचा आयएएस नावाचा वेगळा मंच आहे. पॉपलाचा निर्णय कंपनीवर बंधनकारक असतो, तुमच्यावर नसतो. तिथे ‘मूल आजारी होतं’ हे कारण चालत नाही. चालतात ते मुद्दे म्हणजे उशिरा आलेली नोटीस, वाचता न येणारी पाटी, आणि या जागेवर दावे लावायचा अधिकार मालकाने कंपनीला दिल्याचा करार कुठे आहे हा प्रश्न. कंपनी आपले पुरावे सादर करते तेव्हा त्यावर उत्तर द्यायला सात दिवस मिळतात. ते सात दिवस वाया घालवू नका. कंपनीचा करार जुना निघणं किंवा पाटीचा फोटो भलत्याच जागेचा असणं तिथेच उघडं पडतं.

चेम्सफर्डची ५६ मिनिटं

तिसरा सल्ला कोलमडला तो ४ नोव्हेंबर २०१५ रोजी. तोवर युक्तिवाद असा: दोन तास फुकट असलेल्या जागेवर थोडा उशीर झाला तर कंपनीचं नुकसान शून्य, मग ८५ पौंड हा बेकायदा दंड झाला. १९१५ च्या डनलप खटल्यापासून चालत आलेला हा नियम, आणि पॉपलाकडे त्यावर भराभर अपिलं जिंकली जात होती. ‘पार्किंगआय विरुद्ध बीव्हिस’ या खटल्यात चेम्सफर्डच्या रिव्हरसाइड रिटेल पार्कमध्ये गाडी ५६ मिनिटं जास्त राहिली होती. सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध एक मताने कंपनीच्या बाजूने निकाल दिला. नुकसान झालं की नाही हा प्रश्न नाही. जागा इतरांसाठी मोकळी होत राहील असं पाहणं आणि त्यातून व्यवस्थेचा खर्च भागवणं हे रास्त हित आहे, आणि रक्कम त्याच्या तुलनेत अवाजवी नाही, असं न्यायालयाने म्हटलं. ही कंपनी तर त्या जागेसाठी मालकालाच आठवड्याला १,००० पौंड देत होती.

पण निकालाचा दुसरा अर्धा भाग लोक वाचत नाहीत. त्या जागेवर वीसेक मोठ्या पाट्या होत्या आणि ८५ हा आकडा ठळक छापलेला होता, म्हणून करार झाला. तुमच्या जागेवर रक्कम बारीक अक्षरांत असेल किंवा रात्री पाटीवर उजेड नसेल, तर हाच निकाल तुमच्या कामाला येतो. शिवाय व्यवस्थेचा खर्च मूळ रकमेतूनच निघतो असं त्यात म्हटलं असल्याने, वसुलीचा म्हणून जोडलेला ७० पौंडांचा खर्च दुबार होतो, हा मुद्दा मांडता येतो. काही न्यायाधीश तो मान्य करतात, काही करत नाहीत.

फ्लॅटच्या पार्किंगबाबत २०१६ चा ऑक्सफर्डचा अपील निकाल लक्षात ठेवा. भाडेकराराने मिळालेला हक्क नंतर लावलेली पाटी काढून घेऊ शकत नाही, आणि सामान उतरवण्यापुरतं थांबणं म्हणजे पार्किंग नव्हे, असं त्यात ठरलं. तो इतर न्यायाधीशांवर बंधनकारक नाही, पण वजनदार आहे.

कोर्टाची पत्रं

बीव्हिसनंतर दावे वाढले. मध्ये वसुली एजन्सीची लाल अक्षरांतली पत्रं येतात. त्यांना दारात येऊन काही उचलण्याचा अधिकार नाही, ती फायलीत ठेवा. ‘लेटर बिफोर क्लेम’ला, म्हणजे दावा लावण्याआधीच्या इशाऱ्याच्या पत्राला मात्र उत्तर द्यायलाच हवं, १ ऑक्टोबर २०१७ पासून त्यासाठी ३० दिवस मिळतात. मग नॉर्थॅम्प्टनच्या दिवाणी कोर्ट केंद्रातून दाव्याचा कागद येतो. काढलेल्या तारखेनंतर पाचव्या दिवशी तो तुम्हाला मिळाला असं धरतात. तिथून १४ दिवसांत दावा मिळाल्याची पोच कोर्टाकडे नोंदवली की बचाव द्यायला एकूण २८ दिवस मिळतात. पोच नोंदवताना बचावाच्या चौकटीत एक शब्दही लिहू नका, नाहीतर तोच तुमचा बचाव ठरतो. मे २०२४ पासून सुनावणीआधी फोनवरची मध्यस्थी सक्तीची झाली आहे. हरलात तरी रक्कम, कोर्ट फी आणि वकिलाचा ठरावीक ५० पौंड खर्च एवढंच साधारण पडतं.

खरं संकट येतं ते पत्ता न बदलल्याने. भाड्याचं घर बदललं, ड्रायव्हिंग लायसन्सवरचा पत्ता बदलला, पण गाडीच्या व्ही५सी या नोंदणीच्या कागदावरचा बदलायचा राहिला. हे दोन पत्ते वेगवेगळे बदलावे लागतात, दोन्ही फुकट बदलतात. दाव्याचा कागद जुन्या घरी जातो, एकतर्फी निकाल लागतो आणि हा सीसीजे, म्हणजे काउंटी कोर्टाचा निकाल, सहा वर्षं नोंदीत राहतो. घरकर्ज नाकारलं गेलं की मगच तो कळतो. नागरिकत्वाच्या अर्जातही दिवाणी निकालांची माहिती विचारतात. निकालानंतर महिन्याभरात पूर्ण रक्कम भरली तर नोंद पुसली जाते. नंतर तो रद्द करून घ्यायच्या अर्जालाच ३०० पौंडांहून जास्त फी पडते. स्कॉटलंडमध्ये धारकाची जबाबदारी नाही म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांसाठी २०१७ चा डंडीचा निकाल आहे. स्वतःच गाडी लावत असल्याचं नाकारलं नव्हतं अशा एका महिलेवर साठलेल्या नोटिसांपोटी २४,५०० पौंड बसले.

अर्धवट राहिलेली संहिता

खासदार सर ग्रेग नाइट यांच्या विधेयकातून २०१९ मध्ये सरकारी आचारसंहितेचा कायदा झाला. फेब्रुवारी २०२२ मध्ये संहिता जाहीर झाली: लंडनबाहेर बहुतेक चुकांना ५० पौंड, वसुलीचा जादा खर्च बंद. कंपन्या न्यायालयात गेल्या आणि जूनमध्ये सरकारने ती मागे घेतली. जुलै २०२५ मध्ये सरकारने पुन्हा नव्याने मतं मागवली. दरम्यान दोन्ही संघटनांनी स्वतःची सामाईक संहिता आणली, ती १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू आहे. तिच्यात पाटी वाचून ठरवायला किमान पाच मिनिटं आणि वेळ संपल्यावर दहा मिनिटांची सूट आहे. मशीनवर गाडीच्या नंबरातलं एखादं अक्षर चुकलं तर नोटीस रद्द व्हायला हवी, मोठी चूक असेल तर जास्तीत जास्त २० पौंड. मोबाइलला रेंज नसल्याने पैसे भरायला पाच मिनिटांपेक्षा जास्त लागले म्हणून नोटिसा निघत होत्या. त्यावर फेब्रुवारी २०२५ मध्ये सुधारणा झाली: कॅमेऱ्याच्या जागेवर बाहेर पडण्याआधी पैसे भरले असतील तर एवढ्या कारणाने नोटीस काढता येत नाही.

जुन्या जागांवरच्या पाट्या बदलायला कंपन्यांना २०२६ अखेरपर्यंत मुदत आहे, त्यामुळे सध्या पाट्या सतत बदलत आहेत. नोटीस हातात पडली की त्याच आठवड्यात जागेवर जा. प्रवेशाची पाटी, गाडी उभी होती तिथून दिसणारी पाटी आणि पैसे भरायचं मशीन यांचे फोटो काढा, आणि घटना रात्रीची असेल तर रात्रीच काढा.