काळ्या मातीत सायकलचे गिअर कुठे असावेत?

जुलैत पाऊस उघडला, दोन-चार तास ऊन पडलं आणि कुणी माउंटन बाइक पांदण रस्त्यावर घातली, की शंभर मीटरांत तिचं वजन वाढायला लागतं. काळी माती आधी टायर धरते, मग फ्रेम, मग मागचं डिरेलर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग. तिच्यात धुऱ्यावरचं गवत आणि गेल्या हंगामातल्या पऱ्हाटीच्या काड्या कालवल्या जातात. थोड्या वेळात गिअर उड्या मारतात आणि शेवटी चेन अडकते. गिअर असे उघडे ठेवायचे की बंद डब्यात, हा वाद जगभर चालतो. अमरावती, यवतमाळ, वर्ध्याकडच्या सायकलस्वाराला मात्र तो पहिल्याच पावसात भेटतो.

डिरेलरची रचना दिसते त्यापेक्षा हुशार आहे. मागच्या चाकाला दातेरी चकत्यांची कॅसेट असते आणि तिच्याखाली दोन लहान पुल्यांचा पिंजरा. हँडलवरचं शिफ्टर केबल ओढतं किंवा सोडतं, पिंजरा आत-बाहेर सरकतो आणि चेनला शेजारच्या चकतीवर ढकलतो. आजच्या माउंटन बाइकला बहुधा पुढे पायडलपाशी एकच दातेरी चकती (चेनरिंग) आणि मागे १२ चकत्या असतात. सर्वात लहान १० दातांची, सर्वात मोठी ५१ किंवा ५२ दातांची. पुढे ३२ दाते आणि २९ इंची चाकाचा टायरसकट घेर २.३ मीटर धरला, तर ५१ च्या चकतीवर पायडलच्या एका फेरीत सायकल १.४४ मीटर जाते, १० च्या चकतीवर ७.३६ मीटर. चिखलदरा समुद्रसपाटीपासून १,११८ मीटरवर आहे. परतवाड्याकडून तो घाट चढताना मिनिटाला ६० फेऱ्या मारल्या, तर सर्वात हलक्या गिअरवर वेग ताशी ५.२ किलोमीटर पडतो. एवढा हलका गिअर तिथे खरोखर लागतो.

त्याची किंमत जागेत मोजावी लागते. तेवढ्याच रुंदीत १२ चकत्या बसवायच्या म्हणजे चेन बारीक हवी. ९ गिअरची चेन बाहेरून सुमारे ६.६ मिलिमीटर रुंद असते, १२ गिअरची सुमारे ५.२५. चकत्यांमधल्या फटीही तशाच अरुंद, आणि आपली माती नेमकी फटी बुजवण्यात पटाईत.

बेसॉल्ट झिजून झालेल्या काळ्या मातीत स्मेक्टाइट जातीची चिकणमाती भरपूर असते. तिचे कण २ मायक्रॉनहून बारीक आणि थराथरांचे असतात. थरांच्या मध्ये पाणी शिरलं की माती फुगते. नवतपात तेच पाणी निघून गेलं की वावरात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. कोरडी माती चिकटत नाही आणि अगदी पातळ झालेली वाहून जाते. सर्वात जास्त धरते ती मधल्या ओलीची. म्हणून भर पावसात सायकल निघते एक वेळ, पण पाऊस थांबल्यावर ऊन पडलं की अडकते. वैनगंगेच्या खोऱ्यात, धानाच्या बांध्यांकडे गोष्ट वेगळी: तिथल्या वाळूमिश्रित मातीत चेन तुंबत कमी आणि झिजते जास्त, कारण गारगोटीचे कण पोलादही ओरबाडतात.

चिखलात डिरेलर तुटतं कसं, हे एकदा नीट पाहिलं पाहिजे. खालच्या पुलीत काडी अडकते. पाय चालूच असतात. चेन पुलीतून पुढे जाऊ शकत नाही, पण कॅसेट तिला ओढत राहते. मग अख्खा पिंजरा मागून वर खेचला जातो आणि स्पोकमध्ये शिरतो. डिरेलर ज्या छोट्या ॲल्युमिनियमच्या पट्टीवर बसतं ती पट्टी, म्हणजे हँगर, वाकते किंवा मोडते. हँगर मुद्दाम मऊ बनवलेला असतो, म्हणजे फ्रेम वाचते. पूर्वी जवळपास प्रत्येक फ्रेमचा हँगर वेगळ्या आकाराचा असे. २०१९ मध्ये सायकलचे भाग बनवणाऱ्या स्रॅम कंपनीने सर्वांसाठी एकच हँगर आणला आणि पुष्कळ कंपन्यांनी तो स्वीकारला. नवी सायकल घेताना हे जरूर विचारा. हँगर वेगळाच असेल तर सायकलीसोबत त्याच दिवशी दोन जादा घेऊन ठेवा, नंतर तो नागपुरातही सहजी मिळेल असं नाही.

मोडण्यापेक्षा थोडासा वाकलेला हँगर अधिक छळतो. वरचे गिअर नीट पडतात, खालचे पडत नाहीत. केबल ताणावी तर उलटं होतं. माणूस शिफ्टरजवळचा स्क्रू फिरवत बसतो आणि दोष तिथे नसतोच. सायकलच्या मागे बसून पाहा: दोन्ही पुल्या चकतीच्या सरळ रेषेत खाली दिसल्या पाहिजेत. दुकानात हँगर गेजने रिमवर चार ठिकाणी अंतर मोजतात. फरक ४ मिलिमीटरच्या आत आला की काम झालं. तोवर सर्वात मोठ्या चकतीवर जाऊ नका, पिंजरा स्पोकमध्ये जातो तो तिथूनच.

रानात हँगर मोडलाच तर क्विक लिंक (चेनची उघडता येणारी कडी) उघडून चेन काढा, डिरेलर सोडवून बाजूला घ्या आणि चेनरिंगच्या सरळ रेषेत येईल अशी मधली चकती निवडा. त्या दोहोंवर चेन गुंडाळून जेमतेम ताण राहील एवढी ती चेन-कटरने कापा आणि जोडा. एका गिअरवर हळूहळू गाव गाठता येतं. मागे सस्पेन्शन असलेल्या सायकलवर हा उपाय डळमळीत, कारण चाक वर-खाली झालं की चेनला लागणारी लांबी बदलते.

आता डब्यातले गिअर. ट्रॅक्टर त्याच चिखलात रुततो, पण त्याचे गिअर ऑइलमध्ये बंद असतात. चिखल तिथपर्यंत पोचतच नाही. ख्रिस्तोफ लेर्मेन आणि मिखाएल श्मिट्स या पोर्शेत काम केलेल्या जर्मन अभियंत्यांनी पिनियन गिअरबॉक्समध्ये हेच केलं. डबा पायडलच्या आसाभोवती, फ्रेमच्या पोटात बसतो. आत दोन समांतर शाफ्ट असतात आणि दातेरी चाकांच्या सगळ्या जोड्या कायम एकमेकींत गुंतलेल्या असतात. दुसऱ्या शाफ्टवरची चाकं एरवी मोकळी फिरतात. पोकळ शाफ्टच्या आतला कॅमशाफ्ट थोडा वळला की ठरावीक चाकाखालची खिट्टी वर येते आणि तेवढंच चाक शाफ्टला पकडतं. १८ गिअरच्या मॉडेलमध्ये ६ आणि ३ अशा दोन संचांच्या गुणाकारातून १८ गिअर मिळतात. प्रत्येक पायरी ११.५ टक्क्यांची आणि एकूण पल्ला, म्हणजे सर्वात हलक्या गिअरच्या तुलनेत सर्वात जड गिअर, ६३६ टक्के. ५१ दातांच्या कॅसेटचा पल्ला ५१० टक्के भरतो. माउंटन बाइकवर १२ गिअरचं, सुमारे २.१ किलोचं मॉडेल अधिक चालतं. रोलॉफ या जर्मन कंपनीने १९९८ मध्येच १४ गिअर मागच्या हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या भागात, घातले होते, पण त्याने मागचं चाक जड होतं. खडकाळ उतारावर वजन मध्यभागी असलेलं बरं.

आणखी एक सोय आहे. डिरेलरचा गिअर बदलायला पायडल फिरत असावं लागतं. गिअरबॉक्सवर उभ्या सायकलीतही मूठ पिळून हवे तेवढे गिअर एकदम उतरवता येतात. नाल्याच्या चढावर अचानक थांबावं लागलं की याचं मोल कळतं.

खोट मात्र नेमकी चढावरच आहे. पायांचा पूर्ण जोर असताना खिट्टी दाबाखाली अडकलेली असते, म्हणून हलका गिअर पडत नाही. क्षणभर पाय सैल सोडावा लागतो. सवय होते, पण घाटातल्या तीव्र वळणावर तो क्षण महाग पडतो. शिवाय ताकद दोन दातेरी जोड्यांतून आणि मग चेनमधून जाते, त्यामुळे स्वच्छ डिरेलरच्या तुलनेत काही टक्के ताकद जास्त खर्ची पडते. ‘स्वच्छ’ हा शब्द इथे महत्त्वाचा. चिखलाने भरलेल्या चेनपुढे गिअरबॉक्सची ही उणीव फारशी उरत नाही. पण त्यासाठी फ्रेम खास लागते. घरच्या सायकलीला हा डबा बसत नाही.

आणि एक गोष्ट गिअरबॉक्सचे चाहते सांगत नाहीत. काळी माती टायर आणि फ्रेमच्या मधल्या जागेत भरली की चाकच थांबतं, गिअर डब्यात असोत की बाहेर. त्यावर इलाज एकच, टायरभोवती मोकळी जागा. फ्रेमला २.४ इंची टायर बसत असेल तर पावसाळ्यापुरता २.१ चा लावा आणि नक्षी विरळ गुटक्यांची घ्या. मडगार्ड काढून ठेवा.

घरी आल्यावर माती वाळू देऊ नका. काडीने गोळे काढा आणि बादलीच्या पाण्याने धुवा. वॉशिंग सेंटरचा प्रेशर पंप हबवर किंवा गिअरबॉक्सच्या सीलवर मारला की पाणी आत शिरतं. चेनला जळालेलं इंजिन ऑइल लावण्याची रीत खेड्यापाड्यांत आहे. ते चिकट असतं, धूळ धरतं आणि आधीच त्यात धातूचा कीस असतो. चेन पुसून प्रत्येक कडीवर चेन ल्यूबचा एकच थेंब टाका. झीज मोजायला पोलादी पट्टी पुरते: नव्या चेनच्या २४ कड्या बरोबर ३०४.८ मिलिमीटर भरतात. ११-१२ गिअरच्या चेनमध्ये हे अंतर ३०६.३ झालं की चेन बदला, ८ ते १० गिअरच्या चेनला ३०७ पर्यंत मुभा आहे. उशीर केला तर कॅसेटही जाते.

कापसाच्या पट्ट्यात बारमाही चालवणाऱ्या बहुतेकांनी ९ गिअरचं डिरेलर, ११–४२ ची कॅसेट आणि पुढे २८ दाते घ्यावेत, असं आमचं मत आहे. सर्वात हलक्या गिअरवर फेरीला १.५३ मीटर पडतात, म्हणजे चिखलदऱ्याचा घाटही चढता येतो. चेन जाड असते आणि सुटे भाग जिल्ह्याच्या ठिकाणी सापडण्याची आशा असते. गिअरबॉक्स घ्यावा तो पावसाळ्यातही दररोज रानवाटांवर जाणाऱ्याने, आणि बिघाड झाल्यास डबा न उघडता कंपनीच्या सेवाकेंद्राकडे पाठवण्याची तयारी असेल तरच. त्याची निगा मात्र सोपी: १०,००० किलोमीटरला किंवा वर्षातून एकदा ६० मिलिलिटर ऑइल, तेही कंपनीचंच, मोटरसायकलचं नाही. गिअरबॉक्ससोबत चेनऐवजी दातेरी पट्टा (बेल्ट) घेऊ नका. तो मधून उघडत नाही, त्यासाठी मागची फ्रेमच उघडावी लागते आणि दात्यांत चिखल बसला की ताण वाढतो. त्याऐवजी ८ गिअरची जाड चेन लावा. शिफ्टरपासून डब्यापर्यंत जाणाऱ्या दोन केबलींचा जादा जोड पिशवीत ठेवा. त्यातली एक तुटली की गिअर नीट बदलता येत नाहीत.